तिरुवैयारूत जागा घ्यायला निघालेल्या तंजावरी मराठी मंडळींना खुले पत्र



दर वर्षी पौष वद्य पंचमीला त्यागराजस्वामींच्या आराधनेसाठी तुम्ही चेन्नई, बंगळूर, पुणे, मुंबईहून तिरुवैयारूला येता. पंचरत्न कीर्तनांत सूर मिसळता, पुष्यमंडपाच्या घाटावर उतरता, अशोका हलवा बांधून घेता. हल्ली आणखी एक गोष्ट सोबत नेता, ती म्हणजे तंजावर रस्त्याच्या कडेच्या फलकावरचा मोबाइल नंबर. मग घराण्याच्या व्हॉट्सॲप गटावर प्रश्न पडतो : 'गावाकडे दोन ग्राउंड जागा घेऊन ठेवावी म्हणतो, कुणाची ओळख आहे का?' त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी तंजावरात दस्तांची छाननी करणारी वकील आहे. आपल्याच घरांतली खरेदीखतं, वाटणीपत्रं, मृत्युपत्रं माझ्याकडे येतात, म्हणून हे सांगणं मला माझं काम वाटतं.

आधी माझा सल्ला सांगून टाकते. तिरुवैयारूत सुरुवात करायची असेल तर पहिलं वर्ष पैसे बाहेर काढू नका. ते वर्ष ओळखी करण्यात घालवा, आणि ओळखी अशांच्या करा ज्यांना तुमच्या खरेदीतून एक रुपयाही मिळणार नाही. पुढे घ्यायचंच ठरलं तर भातशेती बुजवून पाडलेला प्लॉट घेऊ नका, गावातलं जुनं घर घ्या.

आपल्या मंडळींना इथली जमीन विकणं फार सोपं आहे, हे दलालांना चांगलं कळलं आहे. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं, १८५५ मध्ये तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी पुरुष वारस नसताना वारले आणि कंपनी सरकारनं राज्य खालसा केलं. मधल्या पावणेदोनशे वर्षांत या राजांनी देवळांना, विद्वानांना, अन्नछत्रांना जमिनी दिल्या. त्या व्यवहारांचे मोडीतले रुमाल आजही तंजावरच्या सरस्वती महालात आहेत. म्हणून 'सार, ही तुमच्याच राजांची भूमी' असं कुणी म्हणालं की आपला कंठ दाटतो आणि हात खिशाकडे जातो. काही घरांत पणजोबांच्या काळची मोडी सनद जपून ठेवलेली असते. ती जरूर जपा, तिचं लिप्यंतर करून घ्या, पण तिच्या जोरावर जमिनीचा हक्क सांगायला जाऊ नका. तमिळनाडूनं १९६३ च्या कायद्यानं किरकोळ इनामं रद्द करून त्या जमिनी रयतवारीत आणल्या. तेव्हा ज्याच्या नावानं पट्टा झाला तिथून आजच्या मालकीची साखळी सुरू होते. आपल्यातल्या बहुतेक घरांनी त्याच्या आगेमागे जमिनी विकल्या आणि शहरं गाठली. आज आपण इथे बाहेरचे खरेदीदार आहोत, हे मान्य केलं की पुढचं सगळं स्वच्छ दिसू लागतं.

महाराष्ट्रातल्या मंडळींना इथलं आणखी एक आकर्षण असतं. तिकडे शेतकरी असल्याचा पुरावा नसेल तर शेतजमीन घेता येत नाही, इथे ती अट नाही. त्यामुळे पुण्याच्या सदनिकेत वाढलेल्या माणसालाही कावेरीकाठची नंजै, म्हणजे ओलिताखालची भातजमीन, घेता येते. परदेशी स्थायिक झालेल्यांना मात्र परकीय चलन कायद्यानं शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही, वारशानं आलेली ठेवता येते. 'भावाच्या नावावर घेऊ, नंतर बघू' असा मार्ग कुणी सुचवला तर तो तिथेच थांबवा. तो भाऊ कितीही सज्जन असला तरी त्याच्या पश्चात त्याचे वारस मालक होतात.

आता कागद. इथे सातबारा नाही. पट्टा आहे, त्याच्यासोबत चिट्टा, पिकाची नोंद असलेलं अडंगल, 'अ' रजिस्टर आणि जमिनीच्या मोजमापाचा एफएमबी नकाशा. सातबाऱ्यासारखाच पट्टासुद्धा महसुली नोंद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. शिवाय १९७९ ते १९८७ या काळात सरकारनं जमिनींच्या नोंदी नव्यानं अद्ययावत केल्या, इथली माणसं त्या मोहिमेला नुसतं 'यूडीआर' म्हणतात. त्यात कुणाची नावं गळाली, कुणाचे भाग चुकीच्या क्रमांकात गेले. म्हणून पट्ट्यावर विक्रेत्याचं नाव पाहून निश्चिंत होऊ नका. मूळ दस्त, त्याआधीचा दस्त, त्याच्याही आधीचा, असं मागे मागे जात राहा. बोजा-दाखला, ज्याला इथे 'विल्लंग सान्रु' किंवा सरळ 'ईसी' म्हणतात, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पैसे न भरता पाहता येतो. संकेतस्थळावर नसलेला, त्याच्या मागचा काळ तिरुवैयारूच्या दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घेऊन काढावा लागतो. त्या शोधाला वेळ लागतो आणि दलालाला नेमकी तेवढी घाई असते.

मोजमापातही आपली मंडळी गोंधळतात. सेंट म्हणजे ४३५.६ चौरस फूट, एकराचा शंभरावा भाग. आपला एक गुंठा अडीच सेंटांचा. ग्राउंड २,४०० चौरस फुटांचा. तंजावरचा शेतकरी बोलतो ते मा आणि वेलीत : साधारण ३३ सेंट म्हणजे एक मा, वीस मा म्हणजे एक वेली, सुमारे साडेसहा एकर. शेतकऱ्याशी मा-वेलीत बोलता आलं तर तो तुमच्याशी वेगळा बोलतो, हा माझा अनुभव आहे.

खर्चाचा हिशेबही आधीच मांडा. इथे मुद्रांक ७ टक्के आणि नोंदणी फी २ टक्के. वीस लाखांच्या खरेदीवर एक लाख ऐंशी हजार पहिल्याच दिवशी जातात. म्हणजे जागेचा भाव नऊ टक्के वाढेपर्यंत तुम्ही तोट्यात असता, आणि विकताना दलाली पुन्हा वेगळी. 'दोन वर्षांत दुप्पट' म्हणणाऱ्याला हे गणित त्याच्यासमोर कागदावर करून दाखवा.

ओळखी कुणाच्या करायच्या, हा तुमचा खरा प्रश्न. दलाल ओळखीचा असणं वाईट नाही. तो नोंदणीकृत असला पाहिजे, आणि तुमची एकमेव ओळख तो नसला पाहिजे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार ५०० चौरस मीटरहून मोठ्या लेआउटची नोंदणी तमिळनाडूच्या नियामक प्राधिकरणाकडे करावीच लागते आणि अशा लेआउटचे प्लॉट विकणाऱ्या एजंटालाही स्वतःची नोंदणी लागते. जाहिरातीवर नोंदणी क्रमांक नसेल तर बोलणं पुढे नेऊ नका. त्यानंतर गावचा व्हीएओ, म्हणजे ग्राम प्रशासन अधिकारी. पूर्वी हे काम आपल्या कुलकर्ण्यांसारखं वंशपरंपरेनं कर्णमांकडे असे. तमिळनाडूनं १९८० च्या सुमारास ती पद्धत मोडली आणि नेमणुकीचे व्हीएओ आले. ते बदलून जातात, पण जुन्या कर्णम घराण्यांतल्या वयस्कांना कुठला तुकडा कुणाचा, कुठला वाद कुठल्या साली मिटला, हे तोंडपाठ असतं. त्यांना भेटा. निबंधक कार्यालयाजवळचे परवानाधारक दस्तलेखक भेटा. त्यांच्याकडून नुसता नमुना दस्त लिहून घ्या आणि बोलता बोलता विचारा, की या भागात कुठल्या सर्व्हे क्रमांकाचे दस्त परत जातात. बँकेत जा. कर्ज नको असलं तरी अर्ज करा. बँकेचा वकील आणि मूल्यमापक तुमचे कागद तपासतात आणि त्यांना 'होय' म्हणण्याची ओढ नसते. बँकेनं नाकारलेली जागा रोखीनं घेऊ नका, रोखीची सवलत कितीही मोठी असो.

या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा माणूस म्हणजे जमीन कसणारा. डेल्ट्यात आजही पुष्कळ जमीन कुत्तगैवर, म्हणजे खंडानं, कुळं कसतात. १९५५ च्या कायद्यानं कसणाऱ्या कुळाला संरक्षण दिलं, १९६९ च्या कायद्यानं कूळहक्कांची नोंद सुरू केली. विक्रेता म्हणतो 'कूळ-बीळ काही नाही', आणि खरेदीनंतर पहिल्या नांगरणीला तीन पिढ्या राबणारं कुटुंब बांधावर उभं राहतं. त्या कुटुंबाला आधी भेटा. त्यांचा हक्क असेल तर तो हक्कच आहे, अडथळा म्हणून त्याच्याकडे पाहू नका. आपल्या पूर्वजांच्या जमिनीही याच माणसांच्या पूर्वजांनी कसल्या.

हे सगळं एका फेरीत पाहायचं तर चैत्र-वैशाखात सप्तस्थान उत्सवाला या. तिरुवैयारूच्या अय्यारप्पर देवाची पालखी तिरुप्पळनम, तिरुच्चोट्रुतुरै, तिरुवेदिकुडी, तिरुक्कंडियूर, तिरुप्पूंतुरुत्ती आणि तिल्लैस्थानम या गावांतून फिरते. पालखीबरोबर चाललात तर बांध, कालवे, वाटा, वस्त्या पायाखालून जातात, आणि चालताना शेजारचा माणूस जे सांगतो ते कार्यालयात कुणी सांगत नाही. मग दुसऱ्यांदा कार्तिकात या, ईशान्य मोसमी पाऊस जोरात असताना. मे महिन्यात प्रत्येक प्लॉट कोरडा आणि सपाट दिसतो. नोव्हेंबरात पाणी कुठे साचतं ते दिसतं.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथेच आपल्या गुंतवणुकीनं दुसऱ्याचं नुकसान होतं. या गावाचं नावच पाच नद्यांवरून पडलं आहे. मेट्टूरचं धरण नेमानं १२ जूनला उघडायचं असतं. ते पाणी कल्लणै बंधाऱ्यावरून कावेरी, वेण्णारूत येतं आणि लहान कालव्यांतून शेतात पोचतं. पुष्कळ ठिकाणी ते एका शेतातून पुढच्या शेतात उतरतं, प्रत्येक शेताला वेगळा पाट नसतो. मधलं एक शेत भर घालून उंच केलं की खालच्या शेतांचं पाणी तुटतं, आणि पावसाळ्यात वरच्या शेतांचं पाणी निघत नाही. लेआउटवाला भरावाच्या वर मुरमाचा रस्ता आणि कोपऱ्यावर कमान उभी करतो. नकाशात 'कालवा पोरंबोक', म्हणजे कालव्याची सरकारी जमीन, असलेली पट्टी त्याच्या आराखड्यात अंतर्गत रस्ता झालेली असते. तुम्ही घेतलेल्या दोन ग्राउंडांमुळे खालच्या बाजूच्या कुणाचं कुरुवै भाताचं पीक गेलं, हे तुम्हाला पुण्यात कधी कळत नाही.

तंजावर जिल्हा २०२० च्या कायद्यानं संरक्षित कृषी क्षेत्रात आला आहे. त्याचा अर्थ पुष्कळ जण चुकीचा लावतात. त्या कायद्यानं पोलाद कारखाने, तांबे-ॲल्युमिनियम गाळणारे प्रकल्प, कातडी कमावण्याचे उद्योग, तेल-वायूचं उत्खनन यांना मनाई केली. घरांच्या लेआउटना त्यानं मनाई केलेली नाही. 'इथे कारखाना येणार नाही, म्हणून भाव चढणार' एवढंच विक्रेता सांगतो. तिरुवैयारूच्या बाह्यवळण रस्त्यासाठी उभ्या पिकाच्या शेतांत यंत्रं शिरली तेव्हा शेतकऱ्यांनी किती कळवळून विरोध केला, हे त्याच भाव चढण्याच्या गोष्टीचं दुसरं अंग आहे.

मंजुरीशिवायच्या लेआउटचा इतिहासही लक्षात ठेवा. सप्टेंबर २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं अशा प्लॉटांची नोंदणी थांबवली. पुढच्या वर्षी सरकारनं २० ऑक्टोबर २०१६ पूर्वीच्या प्लॉटांना नियमित करून घेण्याची वाट दिली. अजूनही 'हा जुना प्लॉट आहे, पूर्वी एकदा नोंदलेला आहे' म्हणून मंजुरी नसलेली जागा विकली जाते. नोंदणी झाली तरी घर बांधायचा परवाना मिळताना अडतं. आणि कुलमुखत्यारपत्रावर जागा विकतो म्हणणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा सूरज लॅम्प निकाल दाखवा. अशा कागदानं मालकी जात नाही.

देवळाच्या जमिनीचा मुद्दा गावातल्या जुन्या घरांनाही लागू आहे, म्हणून तो माझ्या सल्ल्याविरुद्ध जाणारा असला तरी सांगते. अय्यारप्पराचं देऊळ धर्मपुरम आधीनम या शैव मठाच्या कारभारात आहे. आसपासची अनेक देवळं हिंदू धर्मादाय खात्याच्या देखरेखीखाली आहेत. सन्निधीजवळच्या गल्ल्यांत अडिमनै हा प्रकार आढळतो : जमीन देवळाची, वरचं घर रहिवाशाचं, आणि देवळाला भुईभाडं. अशा घराचा विक्रेता तुम्हाला भिंती आणि छप्पर विकतो, भूमी विकू शकत नाही. १९५९ च्या कायद्यानं आयुक्तांच्या मंजुरीशिवाय देवस्थानची जमीन हस्तांतरित करता येत नाही, आणि कितीही वर्षं ताबा असला तरी मुदतीच्या कायद्याचा आधार मिळत नाही. नोंदणी विभाग अशा सर्व्हे क्रमांकांचं मूल्य शून्य दाखवून दस्त अडवतो. कधी कधी क्रमांकाचा एकच पोटहिस्सा देवळाचा असतो आणि बाकीचे खरे मालकही अडकतात. म्हणून देवस्थानच्या कार्यालयात लेखी विचारणा करा आणि लेखी उत्तर घ्या. तोंडी 'काही प्रॉब्लेम नाही'ला किंमत देऊ नका.

एवढं करूनही जुनं घर का घ्यावं? कारण घर मोडकळीला आलं तरी ते आधीच घर आहे, त्यासाठी कुणाचं शेत बुजत नाही. ओसरी, चौक, मागची विहीर असलेली ती लांबट घरं एकेक करून पडत आहेत, त्यांच्या जागी काँक्रीटची खोकी उभी राहत आहेत. आराधनेच्या दिवसांत गायक-वादक आणि रसिक गावात मावत नाहीत, तंजावरहून ये-जा करतात. दुरुस्त केलेल्या घराला तेव्हा भाडं मिळतं. वर्षभर मिळेल असं मी म्हणणार नाही. तेरा-चौदा किलोमीटरवर तंजावर आहे, तिथे हॉटेलं आहेत. भाड्यातून मोठा नफा हवा असणाऱ्यांनी तिरुवैयारूकडे वळूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

या गावात जागेवर सगळ्यात विचारपूर्वक पैसा घातला तो गायिका बंगळूर नागरत्नम्मांनी. त्यागराजांची समाधी दुरवस्थेत आहे हे कळल्यावर १९२० च्या दशकात त्यांनी स्वतःच्या गाण्यातून मिळवलेल्या पैशांतून तिथली जागा मिळवली आणि समाधीमंदिर उभारलं. ज्या आराधनेत बायकांना गाऊ देत नव्हते, तिथे त्यांनी बायकांना गायला उभं केलं. १९५२ मध्ये त्या गेल्या, त्यांची समाधी तिथेच आहे. तुम्ही दर वर्षी तिच्यासमोरून जाता.

आता आपल्या संघटनांविषयी, आणि हे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे. ओळखीच्या माणसामार्फत पैसे घालणं सुरक्षित, असा आपला समज आहे. पीएसीएल या कंपनीनं शेतजमिनीच्या नावाखाली देशभर पैसे गोळा केले ते शेजारी, नातेवाईक, शाळेतले शिक्षक यांना एजंट करूनच. ऑगस्ट २०१४ मध्ये सेबीनं ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. गुंतवणूकदार सुमारे पाच कोटी पंच्याऐंशी लाख होते, त्यांत महाराष्ट्रातली साधी माणसंही होती. त्यांना फसवणारा माणूस अनोळखी नव्हता, त्यांच्या ओसरीवर बसून चहा पिणारा होता. म्हणून आपल्या प्रत्येक गटानं एक नियम करावा : जो सभासद जागेचा प्रस्ताव मांडेल त्यानं त्यात आपली दलाली किंवा हिस्सा किती, हे त्याच संदेशात लिहावं. लिहिलं नाही तर प्रस्ताव काढून टाकावा, मग तो काकांचा असो की अध्यक्षांचा. आणि दरमहा हप्ता भरून शेवटी प्लॉट, अशी योजना गटावर येऊच देऊ नये.

ओळखीचा चांगला उपयोगही आपल्याच आसपास झालेला आहे. बंगळूरला १९०९ मध्ये घरबांधणीची सहकारी संस्था निघाली. मुंबईत गावदेवीला १९१५ मध्ये सारस्वत मंडळींनी रावबहादूर तल्मकींच्या पुढाकारानं सहकारी गृहसंस्था काढली आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना शहरात घर मिळालं. तिथे ओळखीच्या जोडीला नोंदणी, हिशेब, सभा आणि लेखापरीक्षण होतं. आपणही पाच-सात कुटुंबांनी मिळून तिरुवैयारूत एक घर घ्यावं, दुरुस्त करावं, आराधनेला संगीताच्या विद्यार्थ्यांना राहायला द्यावं, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी नोंदणीकृत करार करा. कुणाला बाहेर पडायचं झालं तर त्याचा हिस्सा कोण, कुठल्या भावानं घेणार, हे पहिल्याच दिवशी लिहा.

जुन्या घराचा सौदा जुळत आला की सगळ्यात जास्त वेळ वारसांना लागतो. त्यागराजांच्या घराचीसुद्धा भावाभावांत वाटणी झाली असं सांगितलं जातं, मग आपल्या आजोबांच्या काळच्या घरांचं काय सांगावं! तमिळनाडूत २५ मार्च १९८९ पासून, महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून, आणि २००५ च्या दुरुस्तीनं सगळ्या देशात लेकींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क मिळाला. तरी आजही माझ्यासमोर येणाऱ्या विक्रीखतांच्या मसुद्यांत भावांची नावं असतात आणि बहिणींची नसतात. 'ताई काही म्हणणार नाही' असं उत्तर मिळतं. ताई कोइमतूरला असो की कॅलिफोर्नियाला, तिला फोन तुम्ही स्वतः करा, विक्रेत्यावर सोपवू नका. तिची सही किंवा तिचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हातात आल्याशिवाय इसाराची रक्कम देऊ नका.

येत्या सप्तस्थानाला येणार असाल तर आपापल्या घरातले जुने दस्त, पट्टे, मोडी कागद जे असतील त्यांच्या छायाप्रती घेऊन या. पालखीच्या आदल्या संध्याकाळी घाटावर बसून ते वाचून द्यायला मी तयार आहे, फी न घेता. मोडी वाचणारे कुणी तुमच्यात असतील तर त्यांनीही यावं, त्यांची गरज माझ्याहून जास्त आहे.

आपली,
तंजावरी मराठी घरातली एक वकील